गाडी का तापते? इंजिनाच्या उष्णतेचे निदान आणि उपाय

- प्रतिनिधी

मे महिन्यातील दुपार, गाडीत पाच माणसे, डिकी सामानाने भरलेली, एसी सुरू आणि समोर कसारा घाटाची चढण. डॅशबोर्डावरील तापमानाचा काटा तांबड्या रेषेकडे सरकू लागतो, आणि चालकाच्या ते लक्षात येईपर्यंत बॉनेटच्या फटींतून वाफ बाहेर पडू लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कसारा, खंबाटकी, आंबा किंवा आंबोली घाटातून प्रवास करणाऱ्यांना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या नवीन नाहीत. पुढील पाच-दहा मिनिटांत चालक काय करतो, यावर मात्र बरेच काही अवलंबून असते. वेळीच थांबलेल्या गाडीचे काम एखाद्या रबरी नळीवर किंवा फ्यूजवर भागते. तशीच रेटलेली गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा इंजिनाचे हेड उतरविण्यावाचून पर्याय उरत नाही. घाईने रेडिएटरचे झाकण उघडणाऱ्याचे हात आणि चेहरा भाजण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

इंजिन तापणे हा स्वतंत्र आजार नसून ते लक्षण आहे. त्यामागील कारणे अनेक असली, तरी गाडी नेमकी कोणत्या परिस्थितीत तापते याकडे लक्ष दिल्यास कारणाचा शोध बराच सोपा होतो.

उष्णता कोठून येते, कोठे जाते?

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश भागच उपयुक्त कामात रूपांतरित होतो. उरलेल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा सायलेन्सरवाटे धुराबरोबर निघून जातो आणि जवळपास तेवढीच उष्णता शीतन यंत्रणेला बाहेर टाकावी लागते. सिलिंडरमध्ये ज्वलनाच्या क्षणी तापमान २००० अंश सेल्सियसच्याही वर जाते. आधुनिक इंजिनांचे हेड ज्या ॲल्युमिनियमचे बनविलेले असते, तो धातू ६६० अंशांना वितळतो. म्हणजेच शीतन यंत्रणा अव्याहत काम करते म्हणूनच इंजिन टिकते.

या यंत्रणेची रचना मुळात साधी आहे. इंजिनाच्या भिंतींमध्ये पाणी खेळण्यासाठी पोकळ मार्ग असतात. वॉटर पंप कूलंट, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण, या मार्गांतून फिरवितो. तापलेले कूलंट वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांमधून जाताना समोरून येणाऱ्या हवेने थंड होते आणि पुन्हा इंजिनाकडे परतते. गाडी उभी असताना किंवा सावकाश चालताना ही हवा पंखा खेचून घेतो. इंजिन थंड असताना कूलंट रेडिएटरकडे जाऊ नये, यासाठी थर्मोस्टॅट नावाची झडप असते. तिच्यातील मेणासारखा पदार्थ उष्णतेने प्रसरण पावला की झडप उघडते. बहुतेक गाड्यांत हे साधारण ८२ ते ९२ अंशांच्या दरम्यान घडते.

या साखळीतील सर्वात दुर्लक्षित घटक म्हणजे रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण. ते यंत्रणेत वातावरणापेक्षा सुमारे एक बार अधिक दाब टिकवून धरते. या दाबाखाली साधे पाणीदेखील १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. कूलंटचा उत्कलनबिंदू त्याहूनही वर असतो. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली, की दाब टिकत नाही आणि एरवी निर्धोक असलेल्या तापमानालाही कूलंट उकळू लागते. घाटमाथ्यावर हवेचा दाब कमी असल्याने ही उणीव तेथे अधिक जाणवते.

काटा चढू लागला तर

काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागताच एसी बंद करावा. हीटर पूर्ण क्षमतेवर लावावा आणि खिडक्या उघडाव्यात. हीटरमध्ये इंजिनातील गरम कूलंटच फिरत असल्याने तो लहानशा दुसऱ्या रेडिएटरचे काम करतो. भर उन्हाळ्यात हा उपाय प्रवाशांना नकोसा वाटेल. पण गाडी सुरक्षित जागेपर्यंत नेण्यास त्याची मोठी मदत होते. चढणीवर गाडी वरच्या गिअरमध्ये कुंथत चालवू नये. खालचा गिअर टाकल्यास इंजिनाचे फेरे वाढतात आणि त्याबरोबर वॉटर पंपाचाही वेग वाढतो.

काटा तरीही खाली येत नसेल किंवा तांबडा दिवा लागला असेल, तर गाडी कडेला घेऊन थांबावे. द्रुतगती मार्गावर शक्य तितके डावीकडे थांबून धोक्याचे दिवे लावावेत, मागे काही अंतरावर त्रिकोणी फलक ठेवावा आणि प्रवाशांना कठड्यापलीकडे सुरक्षित जागी उभे करावे.

इंजिन लगेच बंद करावे की सुरू ठेवावे, याविषयी अनेकांचा गोंधळ होतो. वाफ येत असेल, कूलंट गळताना दिसत असेल किंवा तांबडा दिवा लागला असेल, तर इंजिन तात्काळ बंद करावे. यांपैकी काहीही नसेल आणि काटा केवळ नेहमीपेक्षा थोडा वर असेल, तर मिनिटभर इंजिन संथ गतीवर सुरू ठेवून पाहावे. काटा उतरू लागला तर ठीक. अन्यथा बंद करावे. इंजिन बंद केल्यावर चावी 'ऑन' स्थितीत ठेवल्यास अनेक गाड्यांत विद्युत पंखा चालू राहतो, त्याचा लाभ घ्यावा.

त्यानंतरचा सर्वात महत्त्वाचा नियम म्हणजे संयम. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. आतील द्रव १०० अंशांहून अधिक तापलेला, पण दाबामुळे न उकळलेला असतो. झाकण फिरताच दाब नाहीसा होतो, द्रवाचा काही भाग क्षणार्धात वाफ बनतो आणि उकळत्या कूलंटचा फवारा उसळतो. किमान अर्धा ते पाऊण तास थांबावे. वरची रबरी नळी हाताला कोमट लागली आणि दाबल्यावर सहज दबली, तरच जाड फडके ठेवून झाकण पहिल्या टप्प्यापर्यंत सावकाश फिरवावे. उरलासुरला दाब जाऊ द्यावा आणि मगच ते काढावे.

तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतणे, ही दुसरी मोठी चूक. लाल झालेल्या तव्यावर पाणी शिंपडावे तसाच हा प्रकार. अचानक आकुंचन पावल्याने हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर, थोडे-थोडे पाणी घालावे. अडचणीच्या वेळी बाटलीतील पिण्याचे पाणी चालते. खारे पाणी मात्र कधीही वापरू नये.

येथे एक इशारा आवश्यक आहे. वर गेलेला काटा अचानक खाली आला आणि त्याच वेळी हीटरमधून गार हवा येऊ लागली, तर संकट टळले असे समजू नये. कूलंट संपल्याने तापमापक संवेदक द्रवाबाहेर उघडा पडला असण्याची शक्यता असते. अशा वेळी गाडी पुढे नेणे म्हणजे इंजिन गमावणे होय. अलीकडील अनेक मोटारींत तापमानाचा काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा आणि अतितप्त झाल्यावर तांबडा दिवा लागतो. तांबडा दिवा ही पूर्वसूचना नसून शेवटचा इशारा असतो, हे अशा गाड्यांच्या चालकांनी ध्यानात ठेवावे.

केव्हा तापते, यावरून कारण ओळखा

चांगला मेकॅनिक पाना हातात घेण्यापूर्वी प्रश्न विचारतो. त्यातील पहिला प्रश्न असतो, 'गाडी कधी गरम होते?' वाहनधारकाने याचे नेमके उत्तर दिल्यास अनावश्यक सुटे भाग बदलण्याचा खर्च वाचतो.

सिग्नलला किंवा वाहतूक कोंडीत तापते, वेग घेतल्यावर काटा खाली येतो: संशय पंख्यावर घ्यावा. धावत्या गाडीला समोरून हवा मिळते, उभ्या गाडीला पंख्याचाच आधार असतो. बहुतेक गाड्यांत एसी सुरू करताच पंखा फिरू लागतो. तसे होते का, हे बॉनेट उघडून पाहावे. एसी लावल्यावर पंखा फिरतो, पण इंजिन तापल्यावर स्वतःहून फिरत नाही, तर मोटर चांगली असून दोष बहुधा संवेदकात किंवा त्याच्या वायरिंगमध्ये असतो. एसी लावूनही फिरत नसेल, तर आधी फ्यूज, नंतर रिले आणि शेवटी मोटर तपासावी. विद्युत पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून बोटे आणि सैल कपडे त्यापासून दूर ठेवावेत.

मोकळ्या रस्त्यावर वेगाने जाताना किंवा चढणीवर तापते: येथे पंख्याचा दोष सहसा नसतो. कूलंटचा प्रवाह किंवा रेडिएटरची क्षमता कमी पडत असते. रेडिएटरच्या जाळीत चिखल, पाने आणि किडे अडकणे, आतील नळ्यांत क्षार साचणे, थर्मोस्टॅट अर्धवटच उघडणे, वॉटर पंपाची पाती झिजणे, अशी कारणे संभवतात. बंपरसमोर लावलेले जादा दिवे आणि शोभेच्या जाळ्याही हवा अडवितात.

सुरू केल्यापासून काही मिनिटांतच तापते: कूलंट कमी असणे, यंत्रणेत हवा अडकणे किंवा थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकून बसणे, ही प्रमुख कारणे होत. वरच्या आणि खालच्या नळीला दुरून, जपून हात लावून पाहावा. इंजिन पुरते तापलेले असताना रेडिएटरकडील नळी थंडच राहिली, तर तेथवर कूलंट पोहोचत नाही, हे उघड आहे.

बाहेर गळती दिसत नाही, तरी कूलंट वारंवार कमी होते: हे लक्षण गांभीर्याने घ्यावे. हीटरच्या आतील गळती हे त्याचे एक कारण असते; तेव्हा पुढील पायदाणाखालचा गालिचा ओला होतो आणि काचेवर आतून चिकट धुके धरते. दुसरे आणि अधिक खर्चिक कारण म्हणजे हेड गॅस्केट फुटणे.

हेड गॅस्केटची लक्षणे

इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये बसविलेली ही पातळ पट्टी ज्वलनाचे वायू, ऑइल आणि कूलंट यांना एकमेकांपासून वेगळे ठेवते. इंजिन अतितप्त झाले की ॲल्युमिनियमचे हेड किंचित वाकते आणि गॅस्केटची पकड सुटते. गंमत अशी, की गॅस्केट फुटल्याने इंजिन तापते आणि इंजिन तापल्यानेही गॅस्केट फुटते. त्यामुळे केवळ गॅस्केट बदलून मूळ दोष तसाच ठेवल्यास तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

पुढील लक्षणांवरून अंदाज बांधता येतो:

- इंजिन पूर्ण तापल्यानंतरही सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहणे. सकाळच्या गारव्यात सुरुवातीला दिसणारी वाफ स्वाभाविक असते.
- ऑइल भरण्याच्या झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर दुधाळ, कॉफीच्या रंगाचा साका दिसणे.
- थंड इंजिनाचे झाकण उघडून ते सुरू केल्यावर कूलंटमधून सतत बुडबुडे येणे.
- थंड इंजिन सुरू केल्यावर लगेचच रबरी नळ्या टणक होणे.

खात्रीसाठी गॅरेजमध्ये दोन चाचण्या करता येतात. यंत्रणेत हातपंपाने दाब भरून तो टिकतो का, हे पाहिले जाते. दुसरीत टाकीवरील हवा निळ्या रासायनिक द्रावणातून खेचतात. तीत ज्वलनातील कार्बन डायऑक्साइड असल्यास द्रावणाचा रंग पिवळा होतो. हेड उतरविण्यास संमती देण्यापूर्वी या चाचण्यांचा आग्रह धरावा. हेड उतरविल्यास ते सपाट पट्टी व फिलर गेजने तपासून घ्यावे आणि वाकलेले आढळल्यास लेथवर फेसिंग करून घ्यावे. बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या क्रमाने आणि टॉर्क पान्यानेच आवळले पाहिजेत.

दुरुस्ती: काय घरी, काय गॅरेजमध्ये

खर्चाचा विचार करता, स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून प्रारंभ करणे शहाणपणाचे ठरते. प्रथम थंड इंजिनात कूलंटची पातळी पाहावी. नंतर नळ्यांची टोके, क्लिपा, रेडिएटरचे कोपरे आणि वॉटर पंपाखालील भाग येथे गळतीचे हिरवट, गुलाबी किंवा पांढरट डाग शोधावेत. वॉटर पंपाला खालच्या बाजूस एक बारीक छिद्र असते. तेथून थेंब टपकत असल्यास पंपाचे सील गेले, असे समजावे. फुगलेली, भेगाळलेली किंवा अति मऊ झालेली नळी त्वरित बदलावी. झाकण बदलणे तर सर्वात स्वस्त. मात्र नवे झाकण मूळ झाकणावर नोंदविलेल्या दाबाचेच असावे.

रेडिएटर बाहेरून धुताना इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, पाण्याचा दाब कमी ठेवून धुवावे. जोरदार फवाऱ्याने त्याच्या नाजूक पट्ट्या दुमडतात आणि हवेची वाट बंद होते.

थर्मोस्टॅटची चाचणी घरच्या पातेल्यातही होते. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवावा, जवळ तापमापक ठेवून पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी उकळण्यापूर्वी बराचसा उघडलेला दिसला पाहिजे. तसे न झाल्यास नवा बसवावा, सोबत गॅस्केट किंवा रिंगही नवी घ्यावी. हे पातेले पुन्हा स्वयंपाकात वापरू नये.

'थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी कधीच तापणार नाही' हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅटविना इंजिन योग्य तापमानाला पोहोचण्यास विलंब होतो. परिणामी इंधन अधिक जळते, ऑइलमध्ये ओलावा साचतो आणि झीज वाढते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटर टाळणारी आडवाट बंद करतो. तो काढल्यास ती वाट उघडी राहून उलट इंजिन तापू शकते. पंखा 'डायरेक्ट' करणे, हादेखील असाच प्रचलित उपाय. रस्त्यात अडकल्यास गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता तो ठीक; कायमचा ठेवल्यास मोटर आणि वायरिंगवर ताण येतो आणि मूळ दोष झाकला जातो.

कूलंट आणि बोअरचे पाणी

महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. गोठणे रोखणे हा कूलंटचा केवळ एक गुण आहे. ते उत्कलनबिंदू वाढविते, गंज रोखते आणि पंपाच्या सीलचे रक्षण करते. बोअरच्या जड पाण्यातील क्षार मात्र तापल्यावर आतील भिंतींवर थर धरतात. चहाच्या पातेल्याला आतून धरणाऱ्या पांढऱ्या पुटासारखाच हा थर उष्णता अडवितो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवितो. वर्षानुवर्षे असे पाणी घातलेल्या गाडीत नवे सुटे भाग घालूनही गुण येत नाही, याचे कारण बहुधा येथेच असते.

कूलंट दोन प्रकारे मिळते: थेट ओतण्याजोगे तयार मिश्रण आणि सांद्र द्रव. सांद्र द्रव शुद्ध स्वरूपात ओतू नये, कारण ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्यापेक्षा कमी असते. तो साधारणपणे निम्म्यास निम्मे डिस्टिल्ड पाण्यात मिसळावा. हे पाणी बॅटरीच्या दुकानात मिळते. कूलंटच्या रंगावर विसंबू नये. रंगांचे सार्वत्रिक मानक नाही. गाडीच्या माहितीपुस्तिकेत नमूद केलेला प्रकारच वापरावा आणि तेथे दिलेल्या मुदतीत तो बदलावा. एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असते. सांडलेले कूलंट लगेच पुसावे, काढलेले कूलंट उघड्यावर ठेवू नये. लहान मुले आणि कुत्री-मांजरे यांच्या जिवाला त्यापासून धोका असतो.

कूलंट भरल्यानंतर अडकलेली हवा काढणे तितकेच महत्त्वाचे. गाडी सपाट जागी उभी करून, हीटर गरम स्थितीत ठेवून, कूलंट सावकाश भरावे. इंजिनावर हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तेथून बुडबुडे थांबेपर्यंत तो उघडा ठेवावा. मग झाकण लावून, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवावे. ते पूर्ण निवल्यावर पातळी पुन्हा पाहून कमी असल्यास भर घालावी. दुरुस्तीनंतर दोन-तीन दिवस रोज सकाळी पातळी तपासल्यास काम नीट झाले की नाही, याची खात्री पटते.

पूर्वी आणि आता

एक काळ असा होता, की घाट चढताना गाडी तापणार हे गृहीत धरूनच पाण्याचा कॅन डिकीत ठेवला जाई. प्रीमियर पद्मिनीचा पंखा इंजिनावरील पट्ट्याने फिरत असे, त्यामुळे इंजिनाचे फेरे मंदावले की पंखाही मंदावत असे. मुंबईच्या रस्त्यांवरून ही काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. अँबेसेडरचे उत्पादन त्याआधीच, २०१४ मध्ये थांबले होते. आजच्या गाड्यांत विद्युत पंखा आणि संगणकीय नियंत्रण आल्याने सुस्थितीतील गाडी घाटात तापण्याचे कारण उरलेले नाही. म्हणूनच आज गाडी तापत असेल, तर 'घाट आहे, चालायचेच' असे म्हणून सोडून देणे परवडणारे नाही. त्यातच जुन्या काळची लोखंडी हेडे जे सोसत, ते आताच्या हलक्या ॲल्युमिनियमच्या हेडना सोसत नाही.

महिन्यातून एकदा, सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, बॉनेट उघडून कूलंटच्या टाकीवरील किमान आणि कमाल खुणांमध्ये पातळी आहे ना, हे पाहण्यास एक मिनिटही लागत नाही. सुट्टीच्या लांबच्या प्रवासापूर्वी त्यात नळ्या, झाकण आणि पंखा यांची भर घालावी. घाटाच्या मध्यावर, उन्हात, कुटुंबासह मेकॅनिकची वाट पाहण्यापेक्षा घराच्या अंगणात घालविलेली ती दहा मिनिटे निश्चितच स्वस्त पडतात.